नळीला चिकटलेलं औषध

६ जानेवारी

धाकट्या,

पाकीट मिळालं. आधी फोटोबद्दल. तुझ्या लेकीने आत्याला जीभ दाखवली आहे आणि तू तो फोटो मोठ्या कौतुकाने टपालाने पाठवला आहेस, यावरून तुमच्या घरच्या शिस्तीची कल्पना आली. जीभ एवढी पिवळीजर्द कशी, म्हणून आईने चष्मा लावून दोनदा पाहिलं. मग मी तिला तुझ्या पत्रातली ओळ वाचून दाखवली, की नवी गोळी चघळल्यावर भिंगरीचं तोंड बराच वेळ असंच राहतं आणि ती शाळेत पोरांना जीभ दाखवून भाव खाते. आई हसली आणि मग डोळे पुसत आत गेली.

सप्टेंबरपासून फिटचा एकही झटका नाही. हे वाक्य तू पत्राच्या शेवटी, पाणीपट्टी भरली की नाही त्याच्या खाली लिहिलंयस. अरे, अशी बातमी पहिल्या ओळीत लिहायची असते! मागच्या उन्हाळ्यात मी आले होते तेव्हा पडली तर डोक्याला लागू नये म्हणून ती घरातसुद्धा जाड टोपडं घालून वावरत होती, आणि ती न्हाणीघरात असली की तुझी बायको दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि आतून गाणं ऐकू यायचं थांबलं की दार ढकलायची. आता म्हणे सायकल शिकतेय. शिकू दे. गुडघे फुटले तर फुटू देत, गुडघे भरून येतात.

आत्या दिवसभर काय करते, असं तिने विचारलं आणि तू ‘औषधं तपासते’ असं सांगितल्यावर तिने ‘चाखून?’ असं विचारलं. तिला सांग, चाखत नाही, पण तोंडाने ओढते खरी. काचेची एक नळी असते, तिचं टोक केसाहूनही बारीक. ते भिंगाखाली बघत एका पेशीला टेकवायचं आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेला रबरी पाइप तोंडात धरून अगदी हळू श्वास आत ओढायचा. पेशी टोकाला चिकटली की जमलं. जास्त ओढलं की ती फाटते आणि मग तोंडातून जे शब्द निघतात ते भिंगरीला सांगण्यासारखे नाहीत.

हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात, असं तिला सांग. ठोका पडून गेला की त्यातल्या एका दारातून क्षार बाहेर पडतात आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सावरते. काही औषधं निघतात भलत्याच कामाला आणि जाता जाता हे दार अडवून बसतात. मग सावरायला उशीर होतो, ठोक्यांची लय बिघडते, आणि क्वचित एखादं माणूस चालता चालता कोसळतं. औषध तापावरचं असो नाहीतर खोकल्यावरचं, ते दार अडवतं का, एवढंच मी बघते. बाटलीवर नुसता आकडा असतो. कुणाचं, कशावरचं, आम्हाला कुणी सांगत नाही. तिचा दर महिन्याला हृदयाचा आलेख काढतात ना, तोही याचसाठी.

गुडघ्यांना लावायचं मलम वेगळं पाठवते आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र छोटं आहे, रुसू नकोस. काही विचारायचं आहे.

भिंगरीची गोळी नुसती बाहेरून पिवळी आहे की आतूनही? एक तोडून बघ. पाण्यात टाकली तर विरघळते की गठ्ठा होऊन राहते? पेला काचेचा आणि प्लास्टिकचा, दोन्ही घेऊन बघ. पेल्याला रंग राहतो का? धुतल्यावर जातो का? हे सगळं आईला जाणून घ्यायचं आहे. आईला कशाला हवंय, असं तू म्हणशील. बरं, मला हवंय.

शेवटचा आलेख कधी काढला आणि डॉक्टरबाई त्यावर काही बोलल्या का, तेही कळव. माझ्या प्रश्नांवरून मनाने काही ठरवू नकोस. गोळी बंद करायची नाही, कमी करायची नाही, त्या बाई सांगतील तसंच करायचं. तुला सवय आहे माझ्या बोलण्यातून भलतं काही काढायची, म्हणून बजावते.

इकडे ठीक. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोरगेल्या माणसाला सर्दी झाली आहे. त्याला आम्ही सोनार म्हणतो, काचेच्या नळ्या तो इतक्या नाजूक हाताने करतो. नाक चोंदलं की तोंडाने नळी ओढता येत नाही, त्यामुळे त्याच्याकडच्या सगळ्या बाटल्या माझ्या टेबलावर आल्या. तेवढंच. दमले आहे.

उत्तर टपालाने नको, फोन कर. आई घरी नसताना कर.

ताई


२८ मार्च

धाकट्या,

फोनवर मी तुला ‘सहज विचारलं’ म्हणाले. सहज नव्हतं. काल कंपनीने भिंगरीचं ते औषध थांबवल्याचं जाहीर केलं आहे, तुला दवाखान्यातून कळलं असेलच, म्हणून आता लिहिता येतं. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याऐवजी तू हे माझ्याकडून ऐकावंस.

सोनाराच्या सर्दीमुळे माझ्याकडे आलेल्या बाटल्यांत एक पिवळी पूड होती. मी ती पातळ केली आणि रंग बघून हातच थांबला. फोटोतली जीभ डोळ्यासमोर आली. पिवळी औषधं जगात पुष्कळ असतात, असं स्वतःला समजावलं, आणि तुला ते प्रश्न पाठवले. तू सांगितलंस, आतूनही पिवळी, काचेचा पेला धुतला जातो, प्लास्टिकचा कितीही घासला तरी पिवळाच राहतो. मग शंका उरली नाही.

मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. म्हटलं, हे औषध माझी भाची घेते, मला या कामावर ठेवू नका. त्यांनी लगेच बाटली सोनाराकडे परत दिली, आणि इतकं कळलंच आहे तर म्हणून पुढचं सांगितलं. पूर्वी कुठल्याशा प्रयोगशाळेने हे औषध साफ ठरवलं होतं. पण आता काही मुलांच्या आलेखांत हृदयाचा सावरायचा वेळ लांबलेला दिसला होता. एक मुलगी, भिंगरीहून थोडी मोठी, जिन्यात कोसळली होती. शेजारच्याला छाती दाबायची माहिती होती म्हणून वाचली. झटक्यामुळे पडली की औषधामुळे, ते कुणाला सांगता येईना, म्हणून पुन्हा तपासणी.

सोनाराने ते काम नेहमीच्या मोठ्या यंत्रावर केलं. यंत्रात औषध प्लास्टिकच्या लांब नळ्यांमधून पेशीपर्यंत जातं. तुझ्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. त्याने खुर्ची गर्रकन फिरवली आणि म्हणाला, “साफ निघालं. दार सताड उघडं! ताई, आता चहा तुमच्याकडून.” मी नुसता चहा नाही, सगळ्या मजल्याला बिस्किटंही दिली. धाकट्या, इतकी हलकी मी कित्येक वर्षांत झाले नव्हते. जिन्यातली ती मुलगी झटक्यानेच पडली असणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

त्या आठवड्यात यंत्र धुण्याची पाळी माझी होती. नळ्या काढल्या, धुतल्या, उजेडात धरल्या. पिवळ्या. पुन्हा धुतल्या. पिवळ्याच. औषध नळीला चिकटून बसलं होतं. पेशीपर्यंत गेलं होतं ते जवळजवळ नुसतं पाणी, आणि पाण्याने कधी दार अडत नाही. आधीच्या प्रयोगशाळेतही हेच झालं असणार. त्यांच्या नळ्याही प्लास्टिकच्याच असणार.

मी सोनाराला म्हटलं, “नळी बघ.”

“बघितली.”

“धुतलेली आहे.”

तो हळूच म्हणाला, “ताई, तुम्ही या कामात नाही. तुम्ही काही बघितलंच नाही. आणि माझं अजून लक्ष गेलेलं नाही.”

भला माणूस आहे. माझ्यासाठी नोकरी पणाला लावायला निघाला होता. मी नळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. ती नळी डब्यात टाकून नवी जोडली असती तर तुझी लेक उद्याही गोळी चघळून शाळेत गेली असती. सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. त्या क्षणी माझ्या डोक्यात फार थोर विचार वगैरे आले नाहीत. जिना आला. आणि मग असं आलं की उद्या भिंगरी जिन्यात असेल, तेव्हा शेजारी कोण असेल काय माहीत.

मी मॅडमना नळी दाखवली. सोनाराने काचेच्या नळ्या लावून पुन्हा केलं, पेशीजवळचं पाणी काढून औषध किती पोचलं तेही मोजलं. या वेळी दार बंद झालं. थोडंसं अडलं असं नाही, बंदच झालं.

भिंगरीचे स्वतःचे आलेख सगळे चांगले आहेत, हे मला माहीत आहे. तिला काही होणार होतं असं मी म्हणत नाही. बशीतली पेशी म्हणजे भिंगरी नव्हे. कुणाला होतं आणि कुणाला नाही ते आधी ओळखता येत नाही, एवढंच. ते ओळखता आलं असतं तर मी स्वतः तुला गोळ्या आणून दिल्या असत्या.

फोन कर. ओरडायला कर, पण कर.

ताई


१४ मे

धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या बायकोने एकदा उचलला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, “ताई, तुम्ही गप्प बसला असतात तर कुणाचं काय बिघडलं असतं?” मी त्या जिन्यातल्या मुलीचं सांगायला लागले, तर म्हणाली, “ती वाचली ना? मग माझीच का?” आणि फोन ठेवला. तेव्हापासून मी तिला मनातल्या मनात उत्तरं देते आहे. एकही धड नाही.

तू मी कामावर गेल्यावर आईला फोन करतोस. आईला मी म्हटलं, त्याला सांग असं, त्याला विचार तसं, तर भडकली. “तुमच्या दोघांच्या मध्ये मला तारा जोडायला ठेवलंय का? एकमेकांशी बोला!” मग तिनेच सगळं सांगितलं. झटके परत सुरू झालेत. जुनी औषधं पुन्हा दिली आहेत आणि त्यांच्या गुंगीने ती वर्गात बाकावर डोकं ठेवून झोपते. सायकल तुम्ही माळ्यावर टाकलीत.

आणि सगळ्या गोळ्या परत केल्या असं तू दवाखान्यात लिहून दिलंस, पण एक पाकीट ठेवून घेतलंस, हेही तिच्या तोंडून निघून गेलं. आईला बोलू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला जन्मापासून माहीत आहे.

देऊ नकोस, असं मी लिहायला हवं. लिहिते, देऊ नकोस. पण तू देणार, आणि तुझ्या जागी मीही दिली असती, म्हणून पुढचं नीट वाच. तिला जुलाब किंवा उलट्या झाल्या, त्या दिवशी गोळी अजिबात द्यायची नाही. अंगातले क्षार गेलेले असतात, तेव्हा धोका फार वाढतो. घसा दुखतो म्हणून कुठल्याही दवाखान्यातून औषध आणलंस तर गोळी चालू असताना ते सुरू करायच्या आधी मला नाव कळव, काही औषधं नेमकं तेच दार अडवतात. मला सांगायचं नसेल तर तिच्या डॉक्टरबाईंना खरं सांग. धावल्यावर तिला चक्कर आली, एकदा जरी आली, तरी पाकीट फेकून दे. मी हे असं लिहून देतेय हे मॅडमना कळलं तर मला घरी बसवतील. बसवू देत.

कंपनीकडे मी अर्ज केला होता. ज्या मुलांचे आलेख चांगले आहेत त्यांना देखरेखीखाली तरी औषध चालू ठेवा, असा. तू केलास तसाच. माझ्या अर्जाला उत्तर आलं की नातेवाईक असल्यामुळे माझं मत विचारात घेता येत नाही. आणि तुझ्या अर्जाला आलं ते आईने सांगितलं, की सुरक्षिततेचा नवा निष्कर्ष बघता तूर्त शक्य नाही. तो नवा निष्कर्ष म्हणजे आमचाच. मी जिकडे हात घालते तिकडे माझीच नळी आडवी येते. वैताग आला आहे मला स्वतःचा.

सोनार रोज विचारतो, भाची कशी आहे? मी ‘बरी आहे’ म्हणते. खरं सांगितलं तर तो बिचारा नळ्या करायचा थांबेल.

ताई


९ जून

धाकट्या,

तुझा निरोप फोनवर आला. मार्चनंतर पहिल्यांदा तू मला काही लिहिलंस. ‘पाकीट संपलं. ती पिवळी पूड उरली असेल तुमच्या कपाटात, ती दे. कुणाला कळणार नाही. वजन करून कशी द्यायची तेवढं सांग.’ वर ‘ताई’ असंही लिहिलं नव्हतंस.

तिला परवा रस्ता ओलांडताना झटका आला, हे आईकडून कळलं. हनुवटीला टाके पडले तेही.

पूड उरली होती. थंड कपाटात मागच्या बाजूला बाटली होती आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याच खणात असते. वजनाचा काटा रोज मीच वापरते. तू मागितलंस ते मला चहाच्या सुट्टीत जमलं असतं. हे तुला सांगायलाच हवं, कारण आधी मी तुला दुसरंच पत्र लिहिलं होतं. त्यात कपाटाला दोन कुलपं होती, वर कॅमेरा होता, मॅडम रोज बाटल्या मोजत होत्या. वाचायला इतकं पटण्यासारखं होतं की माझं मलाच खरं वाटायला लागलं. ते फाडून टाकलं.

मी दोन दिवस विचार केला. एक पुडी करूनही बघितली, कागदावर, घडी घालून. हातात काहीच वजन लागत नाही रे. एवढ्याशा पुडीने ती पुन्हा सायकलवर बसली असती. कदाचित म्हातारी होईपर्यंत काही झालं नसतं. माझं मन तर हेच सांगतं की काही झालं नसतं.

मग मी पुडी आणि बाटली दोन्ही नष्ट करायच्या पिंपात रिकामी केली आणि वर द्रावण ओतलं. सोनार जेवायला गेला होता. खोलीत कुणी नव्हतं. पूड अजून महिनाभर ठेवायची मुभा होती, तेव्हा नियमावर ढकलू नकोस, मीही ढकलत नाही.

का केलं, ते लिहायला बसले तेव्हा मला कळत नव्हतं. आता लिहिता लिहिता कळतंय आणि ते काही चांगलं नाही. मी दिलेल्या पुडीने तिचं हृदय थांबलं असतं, तर ते माझ्या हातून झालं असतं. रस्त्यावर झटका येऊन ती गाडीखाली गेली, तर लोक म्हणतील आजारच तसा. एवढ्या फरकासाठी मी बाटली रिकामी केली. तो फरक मला आहे, तिला काडीचा नाही. मी तिला वाचवलं असं कुणी म्हणालं तर म्हणू देऊ नकोस. मी वाचवलं ते मला स्वतःला. आणि तू पुन्हा मागितलीस, पुन्हा ती बाटली माझ्यासमोर आली, तरी मी पुन्हा हेच करीन. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

शुक्रवारी संध्याकाळी मी पोचते. रजा घेतली आहे, बरीच घेतली आहे. शिव्या द्यायच्या असतील तर समोर दे, निम्म्या तर तू माझ्याकडूनच शिकलास. घरात घ्यायचं नसेल तर कोपऱ्यावरच्या लॉजमध्ये राहीन आणि दिवसा येईन. तुझी बायको कित्येक रात्री झोपली नाही, असं आई म्हणाली. तिला झोपायला पाठव. भिंगरीजवळ मी बसते. झटका आला की तिला कुशीवर वळवायचं, डोकं आपटू नये म्हणून खाली हात ठेवायचा आणि तो जाईपर्यंत तिचं नाव घेत राहायचं.

एवढं येतं मला. याहून जास्त मला काही येत नाही, धाकट्या.

ताई